चिचबोडीची जुनी वाट

सोमवार, १३ जानेवारी २०२५
अड्याळ

गोमा,

दोनदा फोन केला. माझा आवाज ऐकला का तू ठेवून देते, म्हणून लिहून राहिलो. अक्षर मोठं काढतो, म्हणजे चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. फाडायच्या आधी एवढं तरी वाच, का मी काही मागायले लिहून नाही राहिलो.

आपल्या चिचबोडीच्या जंगलात नवीन वाट झाली. फाटकापासून पाण्याच्या बोडीच्या पाळीपर्यंत, आठशे मीटर. मुरूम दाबून, रोलर फिरवून, एकदम सपाट. नाला आडवा येते तिथं लाकडाचा पूल. दोन्ही बाजूले कमरेएवढा कठडा. ज्यांले चालता येत नाही, जे चाकाच्या खुर्चीवर असतात, त्यांच्यासाठी ही वाट. लहान लेकरांच्या बाबागाड्या बी जातात. फाटकावर चार खुर्च्या ठेवल्या आहेत. ज्याच्यासोबत ढकलणारं कोणी नाही, त्याले मी ढकलतो.

हो, मी. जंगलखात्यातून रिटायर होऊन सहा वर्षं झाली. घरी बसून होतो, तर रेंजर मॅडमनं बोलावलं. म्हणाल्या, धनीरामकाका, तुमच्याएवढं हे जंगल कोणाले माहीत आहे? आमच्या घरी चंद्रभागाले वाटलं मी नाही म्हणेन. मी हो म्हटलं. काहून म्हटलं ते अजून समजलं नाही.

वाट कुठून काढली सांगू? आपली जुनी पायवाट होती ना, तिच्याच बाजूनं. पुलाजवळून खाली पाह्यलं का जुनी वाट दिसते. येनाच्या झाडांच्या मुळ्या तशाच वर आलेल्या.

तीस वर्षं मी त्या फाटकावर उभा राहून लोकांले परत पाठवलं. आता त्याच फाटकावर उभा राहून हात जोडून या म्हणतो. जंगल तेच, फाटक तेच, रंग तेवढा बदलला. माणूस बी तोच. मॅडमले हे सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, काका, तेव्हाचे नियम वेगळे होते. असतील. पण नियम माझ्याच तोंडातून निघाला होता.

तुले हे काहून लिहिलं ते तुले समजते. त्या दिवशी साहेब सोबत होते रे, माझा इलाज नव्हता. एवढंच सांगायचं होतं.

पार्वतावैनीले एकदा घेऊन ये. सोमवारी बंद असते, बाकी कोणत्याही दिवशी ये.

धनीराम


सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
अड्याळ

गोमा,

तीन आठवडे झाले. पत्र परत आलं नाही, जबाब बी आला नाही. तू वाचलं असं धरून चालतो.

गेल्या गुरुवारी मोहाडीकडची एक म्हातारी आली होती, बायाबाई नावाची. दोन लेक सोबत, पण दोघंही मोबाईलवर बोलत मागं राह्यले. मी खुर्ची ढकलत होतो. पाच वर्षांपासून ती आंगणाच्या बाहेर नव्हती निघाली. मोठ्या मोहाजवळ आलो तर म्हणाली, थांब बाबू. तिनं खोडावर हात ठेवला अन् किती तरी वेळ काढलाच नाही. मग मले विचारलं, "आधी काहून नव्हती रे ही वाट?"

मी म्हटलं, "नव्हती, मावशी."

"नव्हती ते तर मले बी माहीत आहे. काहून नव्हती?"

मी खुर्ची पुढं घेतली. तिनं परत विचारलं नाही, पण त्या दिवसापासून मी जेवतो तेव्हा बी तेच डोक्यात फिरून राहिलं आहे. म्हणून आज खरं लिहितो.

साहेब सोबत नव्हते, गोमा. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. एकवीस वर्षं सगळ्यांले हेच सांगत आलो, तर लिहिताना हात बी थांबला नाही. त्या मंगळवारी मी एकटा होतो. साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. त्या महिन्यात माझ्या रजिस्टरात एकही केस नव्हती. मी तेव्हा रोजंदारीवर, पक्कं करायची यादी निघणार होती, अन् मले वाटलं, साहेबांले काहीतरी दाखवायले पाहिजे.

तेवढ्यात तू आला. दोन सायकलींची चाकं अन् घराच्या दाराची फळी, त्याची तू गाडी केली होती. वैनी फळीवर, तिच्या पाठीमागं टेकायले काड्यांचा भारा बांधलेला. दोरी तुझ्या खांद्यावर. बोडीच्या पलीकडच्या वैदूनं तुले नऊ मंगळवार सांगितले होते. तुमची कामिनी झाली त्या बाळंतपणात ताप येऊन वैनीच्या कमरेखालचा जीव गेला होता, तो नऊ मंगळवारच्या तेलानं परत येते म्हणे. तो आठवा मंगळवार होता. आधीचे सातही मंगळवार मी तुले सोडलं होतं. दोनदा तर नाला ओलांडायले मीच गाडीले हात लावला होता. म्हणून तू मले पाहून हसला. तुले वाटलं मी हात लावायले येऊन राहिलो.

मी तो भारा सोडून खाली फेकला अन् पंचनाम्यात लिहिलं, जळाऊ लाकूड, वाहनासह. तू हसणं थांबवलं नाही लवकर. तुले गंमत वाटत होती. मी गाडी जप्त करून डेपोत लावली. तू वैनीले पाठीवर घेऊन घरी गेला. पुढच्या महिन्यात मी पक्का झालो. ती केस दाखवली नसती तरी झालो असतो, यादीत माझं नाव आधीच होतं. हे मले नंतर समजलं.

दोन वर्षांनी तुमी दिघोरीले निघून गेले, वैनीच्या भावाकडं. जाताना तू माझ्या दारावर येऊन एवढंच म्हणाला, "दोन मंगळवार राह्यले होते, धन्या." तेवढं मले पुरलं.

आता मी काय म्हणतो तेही नीट लिहिता येऊन नाही राहिलं. माफी मागितली तर ती कशाची? थांबवल्याची का खोटं लिहिल्याची? नियमानं पाह्यलं तर आत जायची बंदी होतीच. अन् नियम होता तर आधीचे सात मंगळवार काहून सोडलं? जिकडून धरावं तिकडून सुटते.

धनीराम


सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५
अड्याळ

गोमा,

शनिवारी मी दिघोरीले आलो होतो. तुले समजलं असेल तर असू दे, नसेल तर मीच सांगतो. पवनीहून लाखांदूरची गाडी पकडली, पुढं दिघोरीचा ऑटो. तुझं घर विचारत विचारत आलो. तू ओसरीत बसून जाळं विणत होता. केस सगळे पांढरे झाले तुझे. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून बसायची सवय मात्र तीच आहे.

मी रस्त्याच्या या बाजूले, किराणा दुकानाजवळ उभा. मनात बोलायचं ठरवून आलो होतो. तू एकदा मान वर केली, माझ्याकडं पाह्यलं अन् परत खाली घातली. ओळखलं का नाही, ते मले ठरवता येईना. ओळखलं असतं तर शिवी दिली असती. नसतं ओळखलं तर कोण पाहिजे म्हणून विचारलं असतं. तू काहीच केलं नाही. मी दुकानातून बिस्किटाचा पुडा घेतला अन् आलो तसा परत गेलो.

चंद्रभागा म्हणाली, दोन घरांच्या मधातला रस्ता ओलांडता आला नाही तुमाले, अन् लोकांले पूल ओलांडून देता.

एक गोष्ट आहे, पण ती आता लिहित नाही. तुझ्या घरून मले फोन आला होता. कोणाचा ते विचारू नको. मी हो म्हटलं आहे. बरोबर केलं का चूक, ते झाल्यावर लिहितो.

धनीराम


सोमवार, ३ मार्च २०२५
अड्याळ

गोमा,

हे पत्र घरात वाचू नको. तळ्यावर जा, पाळीवर बस अन् तिथं वाच. हे माझं म्हणणं नाही, पार्वतावैनीचं आहे.

शनिवारी तू लग्नाले साकोलीले गेला होता, तेव्हा वैनी इथं आली होती. कामिनी अन् जावई, विनोद, त्याच्या गाडीतून घेऊन आले. फोन कामिनीचाच होता. तिच्यावर रागावू नको. माझी पहिली दोन्ही पत्रं तू तांदळाच्या कोठीमागं ठेवली होती, वैनीनं तिच्याकडून ती वाचून घेतली. तू एकेक पत्र तीन-तीनदा वाचते असं वैनी म्हणाली. ते ऐकून मले बरं वाटलं अन् भीती बी वाटली.

गाडीतून उतरवताना मी पुढं झालो नाही. मले वाटलं, माझा हात लागलेला तिले चालणार नाही. विनोदनं उचलून खुर्चीत बसवलं. कामिनी ढकलायले लागली, तर वैनी म्हणाली, "तू राह्य इथं. भाऊजी ढकलतील."

 मोह टपकायले लागला आहे, वाटेवर पडलेला होता. चाकाखाली येत होता. वैनी मोहाकडं पाहत नव्हती, चाकाकडं पाहत होती. पूल आला तसं म्हणाली, "धक्का नाही लागत."

मी म्हटलं, "सपाट केली ना, वैनी. रोलर फिरवला."

"तेव्हा प्रत्येक मुळीवर पाठीतून कळ निघत होती, भाऊजी. कमरेखाली काही समजत नव्हतं, पण पाठ तर माझीच होती. घरी येईपर्यंत दात दुखायचे, एवढे आवळून धरत होती."

मी म्हटलं, "गोमाले नाही सांगितलं?"

 मग तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. माझं त्यात काही नाही.

"तिसऱ्या मंगळवारी यांनी विचारलं, काही फरक? यांच्या खांद्यावर दोरीचे वळ उठले होते, रक्त आलं होतं. मी म्हटलं, अंगठा हलला. काय करू? यांचं तोंड पाहवत नव्हतं. हलला नव्हता, भाऊजी. अंगठा कधी हललाच नाही. त्या दिवशी यांनी आळीत घरोघरी मासे वाटले. मग चौथ्या खेपेले म्हटलं, दोन बोटं. सहाव्याले म्हटलं, घोट्यापाशी मुंग्या येतात. एक म्हटलं का दुसरं म्हणावं लागे. नवव्या मंगळवारी मी काय सांगणार होती? हे मले उभं करायले हात देतील अन् मी पडणार. रोज मी तोच मंगळवार पाहत होती. आठव्याले तुमी गाडी अडवली, तर मी मनातल्या मनात तुमचे पाय धरले."

मी खुर्ची थांबवली. 

ती म्हणाली, "पाय धरले, अन् मग दोन वर्षं खाटेवर पडून होती तेव्हा शिव्या बी तुमालेच दिल्या. गाडी होती तर निदान आंगणाबाहेरचं दिसत होतं. दोन्ही खरं आहे. यांनी परत गाडी नाही बनवली. म्हणाले, पोहोचता येत नाही तर बनवून काय करू. अन् मी बनवा बी म्हटलं नाही. बनवली असती तर परत वैदूकडं नेलं असतं."

गोमा, मी तिथं उभा होतो अन् मले काय वाटून राहिलं होतं ते मले सांगता येत नाही. एकवीस वर्षं मी दोन मंगळवारचं ओझं वागवलं. तू बी वागवलं, मले माहीत आहे. अन् ते मंगळवार नव्हतेच. मग माझी चूक कमी झाली का? मी तर तिच्यासाठी काहीच केलं नव्हतं. मी रजिस्टरासाठी केलं. ते तिच्या कामी आलं, तर त्याले चांगलं म्हणू का? अन् आंगणाबाहेरचं जे तिचं गेलं, ते तर गेलंच. विचार करतो तर दोन्हीकडून डोकं बंद होते.

मी म्हटलं, "वैनी, हे गोमाले सांगा."

"एकवीस वर्षं एका चुलीजवळ बसून राह्यलो. तोंडातून निघत नाही. हे अजून लोकांले सांगतात, पार्वताचा अंगठा हलला होता, दोन मंगळवार राह्यले, नाही तर चालली असती. सांगताना यांचं तोंड पाह्यलं का तुमी? तुमी लिहा. तुमचं पत्र ते वाचतात."

"मी लिहू? माझ्यावर तर त्याचा राग आहे."

"म्हणूनच. माझं ऐकलं तर हे रडतील अन् मले जवळ घेतील, अन् मले काही बोलता येणार नाही. तुमच्या पत्रावर चिडता तर येईल."

बोडीपाशी नेलं तिले. पाणी अजून भरपूर आहे, पलीकडं बगळे बसले होते. वैदूची झोपडी कधीची गेली, तिथं आता बसायचा बाक आहे. ती तिकडं पाहत बसली. मी विचारलं, काय पाहून राह्यल्या? म्हणाली, "एवढंच होतं का ते? यांनी ओढत आणलं तेव्हा किती दूर वाटत होतं."

लिहायले सांगितलं ते लिहिलं. लिहायले नको होतं का, ते मले माहीत नाही.

धनीराम


सोमवार, २४ मार्च २०२५
अड्याळ

गोमा,

शुक्रवारी तू येऊन गेला तेव्हापासून मी लिहायचं म्हणतो अन् कागद तसाच राहते. जे झालं ते तुले माहीतच आहे, तू होताच तिथं. तरी लिहितो, कारण मले माझ्या बाजूनं काय दिसलं ते सांगायचं आहे.

चार वाजता तू फाटकावर आला. एकटा. राम राम नाही, काही नाही. मी उठलो, तर तू सरळ गेला अन् चार खुर्च्यांतल्या एका खुर्चीत बसला. म्हणाला, "ढकल."

मी म्हटलं, "तुझे पाय चांगले आहेत, गोमा. ही खुर्ची…"

"ढकल म्हटलं ना."

मी ढकललं. तू जड झाला आहे. वाटेत एक बाई बाबागाडी घेऊन येत होती, तिनं वाट दिली. तू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. मोहाजवळून गेलो, तू पाह्यलं नाही. पूल आला. तू हात वर केला.

"इथून खाली घे. जुन्या वाटेनं."

त्या वाटेनं खुर्ची न्यायची नाही, असा नियम आहे. मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बोर्ड बी लावलेला आहे. खरं सांगतो, माझं तोंड उघडलं होतं. तीस वर्षांची सवय आहे, नाही हा शब्द आधी येते. मग मी पुढची चाकं उचलली अन् खुर्ची खाली घेतली.

पहिल्याच मुळीवर तू उसळला. दुसऱ्या मुळीवर खुर्चीचे हात पकडले. मी हळू करायले गेलो, तर तू म्हणाला, "हळू नको. मी हळू नव्हतो नेत. मले लवकर पोहोचायचं असे." मग मी तसंच ढकललं. चाक अडकत होतं, मी जोर लावून काढत होतो, अन् तुझी मान पुढं-मागं होत होती. दगडावर एकदा खुर्ची अशी आपटली का मलेच दणका लागला. मी विचारलं, थांबू का? तू म्हणाला, नको. पुढं परत विचारलं.  बोडी दिसेपर्यंत तू तोंडातून आवाज काढला नाही.

पाळीवर आलो तेव्हा मले धाप लागली होती. मी खुर्चीच्या मागंच उभा होतो, मुठी धरून. तू पाण्याकडं तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, "दर खेपेले विचारत होतो, लागलं का. म्हणे, काही नाही लागलं."

मी खुर्चीचा ब्रेक लावला.

"पत्र वाचलं, तर आधी तुझा राग आला. वाटलं, धन्या आपली सुटका करून घ्यायले तिच्या नावानं लिहून राह्यला. घरी जाऊन तिले विचारलं, खरं का? तिनं फक्त मान हलवली. रडली नाही, काही नाही. भाकरी करत होती, करत राह्यली."

"मग तू काय म्हणाला?"

"काही नाही. जेवलो."

बगळे उडाले. तू हात चोळत होता, खुर्ची धरून धरून तळवे लाल झाले होते तुझे. मग म्हणाला, "एकवीस वर्षं तुझ्यावर राग धरून होतो, धन्या. सकाळी उठलो का आधी तो आठवे, मग बाकीचं. आता तो कोणावर ठेवू? तिच्यावर तर ठेवता येत नाही."

  जे तोंडात आलं ते म्हटलं. म्हटलं, "माझ्यावरच असू दे. पंचनामा तर मीच लिहिला ना."

त्यावर तुझे खांदे हलायले लागले. बराच वेळ हलत होते. आवाज नव्हता. मग तू खुर्चीतून उठला, पाळीवरून उतरला अन् नवीन वाटेनं सरळ निघून गेला. मागं वळून पाह्यलं नाही. मी रिकामी खुर्ची घेऊन तुझ्या मागं येत होतो, पण तू लवकर चालते, तुले गाठता आलं नाही.

त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीत अडकलो आहे. चंद्रभागाले सांगितलं, तिलेही ठरवता आलं नाही. मी खुर्चीच्या मागं उभा होतो, गोमा. तुझं तोंड पाण्याकडं होतं. मले फक्त तुझे खांदे दिसत होते. तू हसत होता का रडत होता, ते मागून समजलं नाही. म्हणून विचारून राहिलो.

धन्या